पुळणीवरची वाळू कुठून आली?

किनाऱ्यावरची वाळू समुद्राने आणली, असे आपण सहज म्हणून जातो. समुद्र वाळू पसरतो, पावसाळ्यात खेचून नेतो, पाऊस सरला की पुन्हा वर लोटतो. पण मुळात ती त्याच्याकडे येते दुसरीकडून. डोंगरातला खडक झिजून नदीवाटे खाडीत उतरतो, किनाऱ्याचा कडा लाटांच्या माऱ्याने ढासळतो, शिंपल्यांचा चुरा होतो, आणि समुद्राची पातळी खूप खाली होती त्या काळात साठलेली जुनी वाळू तळावरून हळूहळू किनाऱ्याकडे सरकते. या चार वाटांपैकी कोणत्या वाटेने किती वाळू आली, याचे गणित प्रत्येक पुळणीसाठी वेगळे असते. ते मांडता आले नाही तर किनाऱ्याबद्दलचे कितीतरी निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात. खाडीतून हातपाटी-डुबीने किती ब्रास वाळू काढू द्यायची, धूपप्रतिबंधक बंधारा कुठे घालायचा, नदीवरच्या धरणाचा किनाऱ्याशी काही संबंध आहे की नाही, या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात हाच एक प्रश्न आहे. पुळणीला वाळू खाडीतून मिळत असेल तर खाडीतला उपसा म्हणजे पुळणीचाच उपसा. वाळू तळावरच्या जुन्या साठ्यातून येत असेल तर हिशेब वेगळा होतो. तो अधिक चिंतेचाही होतो, कारण जुना साठा पुन्हा भरून येत नाही.

उगम शोधण्याची साधने पुष्कळ आहेत. खनिजांचे प्रमाण मोजता येते, झिर्कॉनच्या कणांचे वय काढता येते, मूलद्रव्यांचे पृथक्करण करता येते. या सगळ्यांत जुने, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाणारे साधन म्हणजे कणाचा आकार. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि काळ्या कागदाचा तुकडा एवढ्यावर काम सुरू होते. या सोपेपणातूनच एक नियम सर्वदूर रुजला: टोकदार कण जवळचा, गोल कण लांबचा. नदीतल्या गोट्यांबाबत हा नियम बऱ्याच अंशी खरा आहे. वाळूच्या कणाला तो लावला की उत्तर हमखास चुकते. पुढील प्रकरणांतली सगळी मांडणी ज्या विधानावर उभी आहे ते येथेच सांगतो. कणाच्या आकारात एकाच प्रवासाची नोंद नसते, तीन वेगवेगळ्या काळांच्या नोंदी एकावर एक चढलेल्या असतात. त्या सुट्या करता आल्या तर आकार उगमाचा भक्कम पुरावा होतो. त्यांची सरमिसळ केली तर तो पुरावा नसण्यापेक्षा वाईट, कारण तो खात्रीने चुकीच्या दिशेला नेतो.

पहिली नोंद घडणीची. कण लांबट आहे, चपटा आहे की सर्व बाजूंनी सारखा, हे मुख्यतः खनिज आणि मूळ खडक ठरवतात. अभ्रकाची पापुद्री कितीही घासली तरी चपटीच राहते. दुसरी नोंद झिजेची, म्हणजे कडा आणि कोपरे किती बोथट झाले याची. या दोन गोष्टी एक नाहीत हे हाकोन वाडेल यांनी १९३२ साली स्पष्ट केले. फासा सर्व बाजूंनी सारखा असतो पण त्याचे कोपरे तीक्ष्ण असू शकतात. उलट एखादा कण काडीसारखा लांब असूनही पूर्ण गुळगुळीत असू शकतो. तिसरी नोंद पृष्ठभागाच्या पोताची: चकाकी, धुरकटपणा, सूक्ष्म खाचा, रसायनाने खाल्ल्यासारखे खड्डे. ही सर्वांत वरची, म्हणून सर्वांत अलीकडची नोंद. घडण जन्माबद्दल बोलते, झीज आयुष्याबद्दल, आणि पोत शेवटच्या मुक्कामाबद्दल. आपण शोधतो जन्मस्थान, आणि भिंगाखाली सर्वांत आधी नजरेत भरते ती झीज. घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

झिजेवरून अंतर का काढता येत नाही, हे एकोणिसाव्या शतकापासून प्रयोगांनी दाखवले गेले आहे. फ्रान्समध्ये दोब्रे यांनी फिरत्या पिंपात पाणी आणि दगडांचे कण घालून झीज मोजली. त्यांचे प्रयोग १८७९ साली ग्रंथरूपाने आले. अगदी बारीक कण पाण्यात तरंगत जातात आणि त्यांचे कोपरे जवळजवळ तसेच राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १८८० साली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे क्वार्ट्झच्या वाळूचे पाच प्रकार मांडले: खडकातून नुकते सुटलेले टोकदार कण, झिजून गोल झालेले, यांत्रिक आघाताने फुटलेले, रासायनिक क्रियेने खाल्लेले, आणि ज्यांच्यावर नव्या स्फटिकाचा थर चढला आहे असे. टोकदार आणि गोल यांच्या जोडीला आणखी तीन शक्यता आहेत हे १८८० पासून माहीत असूनही पहिल्या दोघांचाच बोलबाला राहिला, याचे मला नेहमी वाईट वाटते. १९३७ साली रसेल आणि टेलर यांनी मिसिसिपी नदीच्या वाळूचा अभ्यास प्रसिद्ध केला. इलिनॉय राज्यातल्या कैरोपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत नदीच्या वळणांसह हे अंतर तेव्हा अठराशे किलोमीटरच्या आसपास होते. नियम खरा असता तर आखातापाशी कण स्पष्टपणे जास्त गोल दिसायला हवे होते. ते तसे नव्हते. उलट गोलपणा किंचित घटलेला आढळला, आणि वाटेत कण फुटून नवे कोपरे तयार होतात असा अर्थ त्यांनी लावला.

याचे कारण साधे आहे. गोटा गोट्यावर आपटतो तेव्हा त्याच्या वजनाने कोपरा उडतो. अर्ध्या मिलिमीटरच्या कणाला तेवढे वजनच नसते, आणि दोन कण जवळ येताना मधल्या पाण्याचा पातळ थर धक्का मऊ करतो. त्यात क्वार्ट्झची कठीणता मोजपट्टीवर ७, आणि त्याला ठरलेल्या पातळीत फुटण्याची सवय नाही. डच भूशास्त्रज्ञ क्यूनेन यांनी १९५९ आणि १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या चर्चेला आकडे दिले: तेवढ्याच अंतरात वारा क्वार्ट्झचा कण नदीपेक्षा १०० ते १,००० पट जास्त झिजवतो. हवेत मधला थर मऊ नसतो, वेग जास्त असतो, टक्कर कोरडी होते. त्यामुळे चांगला गोल झालेला क्वार्ट्झचा कण दिसला की लांबच्या नदीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी विचारावे की हा कण कधीकाळी वाळवंटात किंवा वाळूच्या टेकडीवर फिरला होता का, आणि तो आधीच गोल झालेल्या स्थितीत एखाद्या जुन्या वालुकाश्मात कैद होऊन आता सुटला आहे का. वाळू एकदाच जन्मत नाही. ती खडक होते, खडक पुन्हा वाळू होतो, आणि क्वार्ट्झ या फेऱ्यांत आपली जुनी झीज बरोबर घेऊन येतो. डोंगराच्या पायथ्याच्या वालुकाश्मातून कालच सुटलेला कण पूर्ण गोल असू शकतो, आणि हजार किलोमीटर वाहत आलेला टोकदार.

लाटांबद्दल एक शब्द घालणे भाग आहे, कारण पहिला आक्षेप इथेच येतो: पुळणीवर वाळू रात्रंदिवस घासते, मग ती तिथेच गोल होत नसेल का? होते, पण फार सावकाश, आणि खनिजागणिक वेगवेगळ्या गतीने. शिंपल्याचे कॅल्शियम कार्बोनेट मऊ असते, कठीणता ३ ते ४; लाटांत त्याची धार लवकर जाते. लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा कण मधल्या गतीने बोथट होतो. क्वार्ट्झ हट्टाने टिकतो. म्हणून एकाच मुठीत गुळगुळीत शिंपलाचुरा आणि टोकदार क्वार्ट्झ शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यावरून शिंपला लांबून आला व क्वार्ट्झ जवळून, असा निष्कर्ष काढणे म्हणजे खनिजाचा स्वभाव प्रवासाच्या खात्यावर टाकणे. झिजेची तुलना नेहमी एकाच खनिजाच्या आणि एकाच चाळणीवर थांबलेल्या कणांमध्ये करावी. मोठे कण बारीक कणांपेक्षा लवकर गोल होतात, त्यामुळे आकारमान न पाहता केलेली तुलना आपोआप खोटी ठरते.

जैविक कणांबाबत मात्र आकार हीच ओळख असते. फोरॅमिनिफेराचे कवच चक्राकार कप्प्यांचे असते, समुद्री साळूच्या काट्याचा तुकडा उभ्या रेघांनी ओळखू येतो. कोणता जीव कोणत्या पाण्यात राहतो हे माहीत असल्याने असा एक कण ठिकाणाकडे थेट बोट दाखवतो. दुसऱ्या महायुद्धात याचा मोठा प्रत्यय आला. नोव्हेंबर १९४४ पासून जपानने कागदी फुगे वाऱ्याच्या झोतावर अमेरिकेकडे सोडले. त्यांना बाँब आणि वजनासाठी वाळूच्या पिशव्या लटकवलेल्या होत्या. ती वाळू अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लष्करी विभागाकडे गेली. तिच्यात पोवळ्याचा मागमूस नव्हता, म्हणून उबदार दक्षिणेकडचे किनारे वगळले गेले. डायटम आणि फोरॅमिनिफेराच्या जाती, तसेच ज्वालामुखी खडकातली खनिजे ओळखून शोध होन्शूच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोजक्या पट्ट्यांपर्यंत आला, आणि त्यांतला इचिनोमियाचा किनारा खरोखरच फुगे सोडण्याचे ठिकाण होता. पण यश मिळाले ते आकार आणि खनिज हातात हात घालून वाचल्यामुळे, आणि ताडून पाहायला जपानी किनाऱ्यांची भूवैज्ञानिक माहिती आधी छापलेली होती म्हणून. ताडायला काही नसेल तर उत्तम कणही मुका राहतो.

आता आपल्या कोकणाकडे वळू. या प्रश्नासाठी इतका अनुकूल किनारा क्वचित सापडेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड मुंबईपासून दक्षिणेला रत्नागिरी जिल्हा ओलांडेपर्यंत सलग पसरला आहे, आणि त्यावर सड्यांवर जांभा. या काळ्या दगडात फेल्डस्पार, ऑगाइट, मॅग्नेटाइट, इल्मेनाइट ही खनिजे आहेत. मूळ घटक म्हणून क्वार्ट्झ जवळजवळ नाही. सिंधुदुर्गात शिरल्यावर लाव्ह्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात: कलादगी समूहाचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, त्यांच्याखालचे ग्रॅनाइट आणि नाइस. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू यातलीच. वाशिष्ठी आणि शास्त्री काळ्या दगडातून आणि जांभ्यातून वाहतात, तर दक्षिणेकडच्या गड, कर्ली, तेरेखोल यांच्या खोऱ्यांत क्वार्ट्झ देणारे खडक आहेत. म्हणजे किनाऱ्याला समांतर चालत गेले की पुरवठादार खडक बदलतो. खनिज आधी वाचावे आणि आकार नंतर, या पद्धतीसाठी निसर्गाने घातलेली ही कसोटीच आहे.

उत्तरेकडच्या पुळणीची चिमूटभर वाळू काळ्या कागदावर आणि तशीच दुसरी चिमूट पांढऱ्या कागदावर पसरली की चार गट पटकन वेगळे होतात. काळपट-करडे, बोथट कोपऱ्यांचे कण हे काळ्या दगडाचेच बारीक तुकडे. तांबूस, ठिसूळ, अनियमित कण जांभ्याचे. साधे लोहचुंबक फिरवले की मॅग्नेटाइट उडी मारून चिकटते. इल्मेनाइट तितके जोरात ओढले जात नाही, पण काळबादेवी आणि आसपासच्या पुळणींवर काळे पट्टे उमटतात त्यांत ते भरपूर असते. लिंबाच्या रसाचा थेंब टाकला की शिंपल्याचे कण फसफसतात आणि विरू लागतात. एवढे सगळे बाजूला केल्यावर काचेसारखे पारदर्शक, न फसफसणारे, चुंबकाला न दाद देणारे कण उरतात. त्यांतले फेल्डस्पार सपाट, चकाकत्या पातळीत फुटलेले असतात. ज्यांना अशा पातळ्या नाहीत, ज्यांची फूट शिंपल्यासारखी वक्र आहे, ते क्वार्ट्झ. काळ्या दगडाच्या किनाऱ्यावर ते सापडले तर एका प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते: ते आले कुठून?

इथे जाणकार लगेच म्हणतील की सह्याद्रीच्या दगडात गारगोट्या आहेत, अकीक आहे. लाव्ह्यातल्या पोकळ्यांत नंतर भरलेला सिलिका नदीने आणला असेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकारातच मिळते. अकीक आणि तत्सम सिलिका अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो. त्याचे कण मेणचट, अर्धपारदर्शक दिसतात, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकसंध स्फटिकासारखे न उजळता तंतूंचे झुपके दाखवतात. पोकळीत वाढलेल्या क्वार्ट्झला स्फटिकाची सपाट तोंडे असतात, आणि ताज्या कणावर एखादे तरी तोंड शिल्लक राहते. ग्रॅनाइट-नाइसमधला क्वार्ट्झ शेजारच्या खनिजांच्या गर्दीत वाढलेला असल्याने त्याला तोंडे नसतात. तो अनियमित, खाचखळग्यांचा असतो. त्यातही जांभ्याच्या हवामानात दीर्घकाळ मुरलेला क्वार्ट्झ खाल्लेला, भेगाळलेला आणि भेगांत तांबडे लोह भरलेला दिसतो. सॉर्बी यांचा चौथा प्रकार कोकणात असा भेटतो, आणि टोकदार-गोल या जोडीत तो कुठेच बसत नाही.

दक्षिणेकडे प्रश्न अधिक बारीक होतो, कारण तिथे क्वार्ट्झ आहेच; कोणत्या खडकाचा, एवढेच ठरवायचे. तारकर्लीची पांढरट पुळण, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली देवबागची चिंचोळी पट्टी, वेंगुर्ल्याच्या पुळणी, या सगळ्यांना कलादगी आणि नाइस असे दोन दाते संभवतात. कलादगी वालुकाश्मातले कण मुळात झिजलेले होते. नंतर त्यांच्यावर सिलिकाचा थर चढून दगड सांधला गेला. असा कण कापून पाहिला तर आत जुन्या गोल कडेची धुळकट रेघ आणि बाहेर नव्या वाढीची कोनदार बाजू दिसते. दगड ठिसूळ झाला असेल तर गोल कण सुटे होतात. पण घट्ट क्वार्टझाइट फुटतो तेव्हा भेग कणांच्या मधून न जाता कणांना कापत जाते, आणि तयार होणारा तुकडा टोकदार असतो, त्यात दोन-तीन जुने कण नागमोडी सांध्याने जोडलेले राहतात. म्हणजे एकाच खडक समूहातून अगदी गोल आणि अगदी टोकदार अशी दोन्ही वाळू निघू शकते. झिजेचा तक्ता समोर ठेवून सरासरी काढणारा अभ्यासक इथे फसेल. आतली रेघ आणि सांधे शोधणारा फसणार नाही.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की समुद्र आकाराप्रमाणे निवड करतो. सुपात धान्य पाखडताना फोलपट एकीकडे आणि दाणे दुसरीकडे जातात, तसे चपटे कण आणि गोल कण लाटेच्या व वाऱ्याच्या हाती वेगळे होतात; मग पुळणीवर जे दिसते ते उगमाचे चित्र की निवडीचे? घनतेची निवडही होतेच, कारण इल्मेनाइटची घनता पाण्याच्या पावणेपाच पट आणि क्वार्ट्झची २.६५ पट. निवडीचा हा परिणाम पुसता येत नाही, पण ओळखता येतो. लाटेच्या रेषेवरचा, पुळणीच्या माथ्यावरचा आणि मागच्या वाळूच्या उंचवट्यावरचा असे तीन नमुने एकाच ठिकाणी घेतले तर समुद्राची निवड किती आणि उगमातला फरक किती, हे वेगळे दिसते. सरासरीपेक्षा प्रमाण पाहावे: शंभर कणांत खाल्लेले किती, फुटलेले किती, आत रेघ असलेले किती. पुळणीवर एकाच खनिजाचे दोन स्पष्ट गट दिसले, तर दोन उगम किंवा दोन आयुष्ये मिसळली आहेत असे समजावे.

दुसरा आक्षेप असा की डोळ्याने ठरवलेला गोलपणा माणसागणिक बदलतो. क्रंबाइन यांनी १९४१ साली तुलनेची चित्रे दिली, पॉवर्स यांनी १९५३ साली सहा वर्ग आखले, आणि तरीही दोन निरीक्षक एका कणाला शेजारशेजारच्या वर्गांत टाकतात. १९७० साली एर्लिक आणि वाइनबर्ग यांनी कणाच्या बाह्यरेषेचे गणिती पृथक्करण करण्याची रीत मांडली, आणि आज संगणक हजारो कणांच्या बाह्यरेषा थोड्या वेळात मोजतो. पोतासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले. क्रिन्स्ली आणि डोर्नकँप यांच्या १९७३ च्या चित्रसंग्रहात लाटांच्या आघाताने उमटलेल्या त्रिकोणी खाचा आणि हिमनदीने फोडलेल्या कणांच्या वक्र चिरा शेजारी शेजारी पाहता येतात. यंत्रामुळे माणसामाणसातला फरक गेला. पण घडण, झीज आणि पोत यांतले काय मोजायचे हा निर्णय यंत्र घेत नाही. झिर्कॉनचे वय काढणे जास्त अचूक नाही का, असेही विचारले जाईल. खडकाचे वय सांगण्यात ते निःसंशय सरस आहे. पण त्यावरून कळते झिर्कॉनचे जन्मवर्ष. तो कण मधल्या काळात जुन्या वालुकाश्मात थांबला होता का, हे कळत नाही, आणि ही मधली कहाणी झिजेतच राहते.

कोकणातला सर्वांत अवघड दाता मात्र खडक नाहीच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता, आणि आज पाण्याखाली असलेला रुंद उथळ तळ तेव्हा जमीन होता. नद्या त्यावरून पुढे वाहत होत्या, वारा मोकळ्या वाळूवरून फिरत होता. समुद्र वर आला तसा त्या वाळूचा काही भाग किनाऱ्याकडे ढकलला गेला. काळ्या दगडाच्या किनाऱ्यावर गोल, धुरकट पृष्ठभागाचा क्वार्ट्झ सापडला, तर मागची नदी सोडून या जुन्या उघड्या तळाकडे पाहायला हवे. आंद्रे कैल्यो यांनी वाऱ्याने घासलेले धुरकट गोल कण आणि पाण्याने घासलेले चकचकीत बोथट कण वेगळे केले, ती खूण इथे उपयोगी पडते. अरबस्तानातून येणारी धूळ हे उत्तर इथे लागू नाही, कारण ती वाळूहून कितीतरी बारीक असते. लांबच्या नर्मदा-तापीची वाळू खाड्यांची तोंडे आणि भूशिरे ओलांडत एवढी खाली येते का, हे मात्र त्या नद्यांचे नमुने शेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येणार नाही.

म्हणून नमुन्यांचा क्रम उलटा हवा: पुळण शेवटी, दाते आधी. नदीचा वरचा पट्टा, खाडीचे तोंड, शेजारचा ढासळता कडा, सड्यावरचा जांभा, आणि शक्य असेल तिथे लाटांपलीकडचा वाळूचा दांडा, या प्रत्येकाची वाळू एकाच चाळणीतून काढून ठेवावी. देवबागसारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरअखेरीस एकदा असे दोनदा नमुने घ्यावे लागतील, कारण पावसाळी लाटा पुळण खरवडून वाळू दांड्यावर नेतात, आणि परत येणारी वाळू गेलेलीच असते असे गृहीत धरता येत नाही. खाडीतले नमुने मात्र उपसा सुरू होण्याआधी घ्यायला हवेत. ढवळलेल्या तळातून वर येणारी वाळू कोणत्या थराची आणि कोणत्या काळाची, हे नंतर कोणत्याही भिंगाला सांगता येत नाही.